नवे चित्र जुने दिसावे म्हणून

प्रश्न : मी क्रिटा या संगणकावर चित्रे रंगवण्याच्या प्रोग्रॅममध्ये सतराव्या शतकातील डच चित्रांच्या धाटणीने फळे, फुले आणि धातूची भांडी रंगवली आहेत. चित्र जुने वाटावे म्हणून त्याला सेपिया फिल्टर लावला आणि वर तड्यांचा तयार पोत चढवला. पण ते जुने न दिसता मळकट दिसते. काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सेपिया ही छटा जुन्या छायाचित्रांची आहे. शिवाय हा फिल्टर सगळ्या रंगांना सरसकट तपकिरी करतो, तर खऱ्या तैलचित्रातील प्रत्येक घटक आपापल्या रीतीने जुना होतो. तेव्हा फिल्टर काढून टाका आणि आधी मूळ रंगांकडे वळा. त्या काळातील अनेक डच चित्रांत पानांच्या हिरव्यामधील वनस्पतिजन्य पिवळा रंग उजेडाने उडून गेल्यामुळे पाने आज निळसर दिसतात. तुमच्या चित्रातील पाने तेवढी निळ्याकडे झुकवलीत, तर जाणकाराची नजर तिथेच थबकेल. (माझ्या मते एवढा एक बदल दहा तयार पोतांना भारी आहे.)

त्यानंतर तडे. ते रंगाच्या थरात पडतात, म्हणून त्यांचा लेयर (प्रोग्रॅममधील चित्राचा वेगळा थर) वॉर्निशच्या, म्हणजे चित्रावरच्या पारदर्शक लेपाच्या, लेयरखाली हवा. कॅनव्हासवर त्यांची अनियमित जाळी होते आणि चौकटीच्या कोपऱ्यांशी ते बहुधा तिरपे जातात. लाकडी फळीवर मात्र ते बरेचदा लाकडाच्या रेषांना धरून पडतात. तयार पोतांतील तडे सहसा आटलेल्या तळ्यातील चिखलासारखे रुंद असतात, म्हणून पोत पुरेसा लहान करा, काही भागांतून तो पुसून टाका आणि रेषांना काळ्याऐवजी गडद तपकिरी रंग द्या.

वॉर्निश सर्वांत शेवटी. डॅमर किंवा मॅस्टिक या राळांचे वॉर्निश कालांतराने पिवळे पडते, त्यामुळे पांढरा रंग सायीसारखा आणि निळा हिरवट दिसू लागतो. रेम्ब्रांटच्या १६४२ सालच्या चित्राला ‘नाइट वॉच’ हे नाव पडले, तेही काळवंडलेल्या वॉर्निशमुळे ते रात्रीचे दृश्य वाटल्याने. मधाच्या रंगाचा एक लेयर ‘मल्टिप्लाय’ (खालचे रंग गडद करणाऱ्या) मोडमध्ये ठेवा, त्याची ओपॅसिटी (अपारदर्शकता) २० टक्क्यांच्या आसपास ठेवून पाहा आणि कडांकडे तो थोडा दाट करा. मल्टिप्लायमुळे गडद भाग अधिकच गडद होतात, पण जुन्या वॉर्निशखाली ते किंचित धूसर झालेले असतात; म्हणून त्याच्याही वर कर्व्ह्ज (उजळपणा आलेखाने बदलण्याचे साधन) वापरून काळ्याचे टोक थोडे उचला, म्हणजे काळा किंचित उजळ होईल.

प्रश्न : देवघरातल्या जुन्या, छापील लक्ष्मीच्या तसबिरीसारखे चित्र करायचे असेल, तर हीच कृती चालेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. तिथली चित्रे शिळाछापाची, म्हणजे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून कागदावर छापलेली होती. त्यामुळे तैलरंगाचे तडे तिथे शोभणार नाहीत. त्याऐवजी छटांमध्ये बारीक ठिपके आणा, एखाद्या रंगाचा लेयर एक-दोन पिक्सेल सरकवा आणि कागदाला कडांकडून पिवळेपणा व ओलीचे तुरळक तपकिरी डाग द्या.