आईच्या जुन्या पासबुकावरचा शाखेचा कोड आता का चालत नाही?

आपल्या आईचे खाते पूर्वीच्या सिंडिकेट बँकेत होते, पासबुकावरचा आयएफएससी (म्हणजे पैसे पाठवताना लागणारा शाखेचा कोड) टाकल्यावर ॲप तो चुकीचा असल्याचे सांगते आणि म्हणून चेकच्या तळाशी असलेले नऊ आकडे त्याऐवजी टाकावेत का, असे आपण विचारले आहे. ते टाकू नयेत. मी अनेक वर्षे बँकेच्या काउंटरवर काम केले असून या दोन कोडांची गल्लत मी पुष्कळदा पाहिली आहे.

चेकच्या तळाची पांढरी पट्टी नीट पाहा. सुरुवातीला सहा आकडी चेक क्रमांक आहे आणि त्यानंतरचे नऊ आकडे म्हणजे एमआयसीआर कोड. त्यातले पहिले तीन शहराचे (मुंबईसाठी ४००, पुण्यासाठी ४११, म्हणजे पिनकोडचीच सुरुवात), मधले तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे. ते चुंबकीय शाईने छापलेले असतात, कारण ते यंत्राने वाचायचे असतात. चेकच्या वटणावळीत त्यांचा उपयोग होतो. कर्जाचा हप्ता खात्यातून परस्पर वळता करण्याच्या फॉर्मवरही ते विचारले जातात. एनईएफटी किंवा आरटीजीएस या पद्धतींनी एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवताना मात्र अकरा अक्षरांचा आयएफएससीच लागतो.

आयएफएससीची पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे स्थान नेहमी शून्य आणि शेवटची सहा शाखेची. पाचव्या जागी इंग्रजी ‘ओ’ टाकल्यामुळे कोड नाकारला जातो, ही चूक फार सर्रास होते.

आपल्या अडचणीचे मूळ मात्र विलीनीकरणात आहे. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली आणि १ जुलै २०२१ पासून जुने कोड बंद झाले. नव्या कोडात ‘एसवायएनबी’च्या जागी ‘सीएनआरबी’ आले आणि शाखेच्या आकड्यात दहा हजार मिळवले गेले, म्हणजे ००३६८७ चे ०१३६८७ झाले. एमआयसीआरमधला बँकेचा ०२५ हा आकडाही ०१५ झाला. तरीही हा हिशेब घरी करून थेट पैसे पाठवू नका, कारण पुढे शाखाही एकमेकींत मिसळल्या गेल्या आहेत; नवे पासबुक छापून घ्या आणि त्यावरचाच कोड वापरा. जुन्या नावाचे चेक आता कोणालाही देऊ नयेत, नवे चेकबुक मागावे.

एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते. कोड चुकला तर बहुतेक वेळा व्यवहार अडतो किंवा रक्कम परत येते, पण खाते क्रमांकातला एक आकडा चुकला आणि तो क्रमांक दुसऱ्या कोणाचा निघाला, तर पैसे त्याच्या खात्यात जमा होऊ शकतात, कारण जमा करताना बँक खाते क्रमांकावरच विसंबते. म्हणून खातेदाराचे नाव दाखवणारी सोय आपल्या ॲपमध्ये असेल तर ती अवश्य वापरा, आणि पहिल्यांदा एक रुपया पाठवून तो आईच्या पासबुकात उमटल्यावरच उरलेली रक्कम पाठवा.