जुन्या मारुती ८००चे ब्रेक घरी ब्लीड करताना (म्हणजे ब्रेक ऑइलमधली हवा काढताना)

आदल्या रात्रीच निपलवर (चाकामागचा, हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी रिंग पानाच लावा; फिक्स पान्याने कोपरे झिजले की निपल निघता निघत नाही. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा भाग) सर्वांत लांबच्या, मागच्या डाव्या चाकापासून. मदतनीसाने पेडल दाबलेलं असतानाच उघडलेलं निपल बंद करा, मगच त्याला पाय उचलायला सांगा. नवखे इथेच चुकतात, हवा परत आत जाते. निपलला लावलेल्या पारदर्शक नळीतले बारीक बुडबुडे थांबेपर्यंत घाई नको, ब्रेक ऑइलची टाकीही रिकामी होऊ देऊ नका. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवाच. पेडल तळाला गेलं की मास्टर सिलिंडरच्या गंजलेल्या भागावर घासून रबरी सील फाटतं; माझं असंच गेलं होतं. डॉट ३ ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.