लेफ्टर दोनदा क्लब सोडून गेला, तरी कादिकोयमध्ये त्याचा पुतळा आहे

तुमचा प्रश्न असा की तुर्कस्तानातल्या फुटबॉल क्लबांमधला सगळ्यात मोठा लेजेंड कोण, आणि क्लबचा लेजेंड व्हायला आख्खी कारकीर्द एकाच क्लबमध्ये काढावी लागते का. पहिल्याचं उत्तर एका शब्दात देतो, लेफ्टर. इस्तंबूलच्या फेनरबाह्चे क्लबचा लेफ्टर कुचुकआंदोन्यादिस. तिथल्याच गालातासराय क्लबवाले मेतिन ओकतायचं नाव घेतील, बेशिक्ताश क्लबवाले बाबा हक्कीचं घेतील, घेऊ देत. दुसऱ्या भागासाठी मात्र सविस्तर लिहावं लागणार, कारण या एका गोष्टीवरून मी घरात भांडलोय, गल्लीत भांडलोय आणि एकदा भर लग्नाच्या पंगतीत ताटावरून उठलोय.

मी कोल्हापूरचा. एवढं सांगितलं की फुटबॉलचं वेगळं सांगायला नको. पेठेची तालीम, तालमीची टीम, शाहू स्टेडियम, आणि समोरच्या पेठेबरोबर मॅच असली की घरातला स्वयंपाकसुद्धा मॅचच्या टायमिंगवर. माझा थोरला भाऊ आमच्या तालमीकडून आठ सीझन लेफ्ट आऊट खेळला. मग दुसऱ्या पेठेच्या टीमने त्याला बोलावलं, नोकरीला चिकटवतो म्हणाले, वडील तेव्हा आजारी होते, तो गेला. त्या वर्षी गल्लीच्या गणपतीत आरतीचं ताट त्याच्यासमोर आलंच नाही. शेजारच्याला दिलं, त्याच्या पुढच्याला दिलं, मधला हा जणू उभाच नव्हता. सख्ख्या चुलत्यांनी चारचौघांत गद्दार म्हटलं. दोन वर्षांनी तो परत आला, मला घ्या म्हणाला, घेतलं आणि सगळा सीझन बेंचवर बसवलं. त्यानंतर त्याने बूट घातले नाहीत. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो आणि तो दुसऱ्या जर्सीत खेळत असताना मी त्याची एकही मॅच बघायला गेलो नाही, ते मला आजही सलतं.

आता लेफ्टर. इस्तंबूलजवळच्या ब्युकादा बेटावरच्या रूम कुटुंबात जन्मलेला, रूम म्हणजे तिथले ग्रीक ख्रिश्चन लोक, पिढ्यानपिढ्या तिथलेच. बाप मासे मारायचा, घरात अकरा पोरं. आधी तक्सिम क्लब, १९४७ ला फेनरबाह्चे. उंचीने बुटका, पण बॉल पायाला आला की समोरच्याला कळायच्या आत निघून जायचा, फ्री किकला तर गोलकीपर आधीच घाबरलेला. त्याचं टोपणनाव ऑर्डिनार्युस, म्हणजे प्रोफेसरांचाही प्रोफेसर. स्टेडियममध्ये घोषणा असायची, वेर लेफ्तेरे, याझ देफ्तेरे. यातलं देफ्तेर म्हणजे आपलं दफ्तर, शब्द तोच. लेफ्टरला दे आणि दफ्तरात मांड, गोल झालाच समज. क्लबच्या हिशेबात ६१५ मॅच आणि ४२३ गोल आहेत.

आणि हा माणूस १९५१ ला क्लब सोडून इटलीत फियोरेन्तिनाला गेला, तिथून फ्रान्समध्ये नीसला. १९५३ ला परत आला. पुढे अकरा वर्षं खेळून १९६४ ला पुन्हा सोडून गेला, आणि कुठे तर अथेन्सच्या एईकेला. ग्रीसमध्ये! आमच्या चुलत्यांच्या हिशेबाने बघायला गेलं तर हा डबल गद्दार.

मी कामानिमित्त अडीच वर्षं इस्तंबूलला होतो, आशियाच्या बाजूला कादिकोयमध्ये, फेनरबाह्चेच्या स्टेडियमपासून चालत दहा मिनिटांवर. खालच्या मजल्यावर घरमालक राहायचे, सत्तरीचे, मी त्यांना अमजा म्हणायचो, तिकडे काकाला अमजा म्हणतात. २०१८-१९ चा सीझन होता. त्या वर्षीच्या सुपर लीगला, म्हणजे तुर्कस्तानच्या सगळ्यात वरच्या लीगला, अधिकृत नावच लेफ्टर कुचुकआंदोन्यादिस सीझन असं दिलेलं, आणि नेमकी त्याच वर्षी फेनरबाह्चेची इतकी वाईट अवस्था की अर्धी लीग संपली तेव्हा टीम सतराव्या नंबरवर, खालच्या लीगमध्ये जायच्या रांगेत. अमजा रात्री टीव्ही बंद करून जिन्यात येऊन बसायचे. क्लब रेलिगेट होईल याच्यापेक्षा लेफ्टरच्या नावाच्या वर्षात होईल याचं त्यांना जास्त लागलेलं.

१३ जानेवारी २०१९, रविवार, लेफ्टर वारल्याला बरोबर सात वर्षं झालेली. अमजांनी सकाळी दार वाजवलं आणि म्हणाले कोट घाल, बेटावर जायचंय. बोस्तांजीहून बोट पकडली, थंडी अशी की चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसलो, बाहेर सीगल पक्षी सिमितच्या, म्हणजे तिळाच्या गोल पावाच्या, तुकड्यासाठी बोटीच्या मागे. बेटावर तेव्हा अजून घोडागाड्या होत्या, पण अमजा म्हणाले चालत जाऊ. चढ आहे चांगला. दोनदा थांबले, तरी चालतच गेले.

वाटेत मी माझा प्रश्न विचारला, जो तुमचाही आहे. म्हटलं अमजा, तो तर सोडून गेला होता ना, शेवटी अथेन्सला खेळला, मग तुमचं इतकं प्रेम कसं काय? ते जरा वेळ काही बोललेच नाहीत. मग १९५५ च्या सप्टेंबरचं सांगायला लागले. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीला, आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक अतातुर्क जिथे जन्मले त्या घराजवळ बॉम्ब फुटल्याची बातमी पसरली आणि ६ सप्टेंबरच्या रात्री इस्तंबूलमध्ये जमाव रूम लोकांच्या दुकानांवर, घरांवर, चर्चवर तुटून पडला. अमजा तेव्हा लहान होते. दुसऱ्या दिवशी वडिलांचा हात धरून इस्तंबूलच्याच बेयोलू भागात गेले तर मोठ्या रस्त्यावर कापडाचे तागे उलगडून पडलेले, त्यावर फुटक्या काचा, आणि लोक त्या कापडावरून चालत होते. त्यांना आठवतं ते एवढंच, की बूट घालून कोऱ्या कापडावर पाय द्यायचा नाही म्हणून ते रडले होते.

त्याच रात्री ब्युकादावर लेफ्टरच्या घरावर दगड पडले. देशासाठी खेळलेल्या, वर्षभर आधी वर्ल्ड कपमध्ये तुर्कस्तानसाठी गोल केलेल्या माणसाच्या घरावर. १९५४ च्या त्या वर्ल्ड कपमध्ये कोरियाविरुद्ध एक आणि पश्चिम जर्मनीविरुद्ध एक, दोन गोल. घरात लहान मुली होत्या. नंतर कोण होते ते सांग म्हणून विचारलं तर त्याने नावं सांगितली नाहीत, शेवटपर्यंत नाही. आणि फेब्रुवारी १९५६, म्हणजे साडेपाच महिनेसुद्धा पुरते झाले नव्हते, पुश्काशची हंगेरीची टीम इस्तंबूलला आली, ज्या टीमपुढे युरोपातले भलेभले उभे राहत नव्हते, आणि तुर्कस्तानने त्यांना ३-१ हरवलं. तीनपैकी दोन गोल लेफ्टरचे.

अमजा तिथेच चढावर थांबून म्हणाले, "त्याच्या घरावर दगड पडले आणि तो त्याच घरात राहिला. आमच्याकडूनच खेळला. अथेन्सला एक सीझन गेला, पाय दुखावला, परत इथेच आला, इथेच म्हातारा झाला. तू मला त्या एका वर्षाचा हिशेब विचारतोस?" आवाज चढला नव्हता, पण मला खाली बघावं लागलं.

लेफ्टरच्या कबरीपाशी पन्नासेक लोक होते, क्लबचे मफलर, फुलं. चर्चचे पाद्री प्रार्थना म्हणत होते आणि त्यांच्या शेजारी अमजा दोन्ही तळहात वर करून आपला फातिहा, मुसलमान लोक मृतांसाठी म्हणतात ती प्रार्थना, पुटपुटत होते. कोणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मी चप्पल काढावी की नाही या विचारात, बूट घातलेला, मग नुसते हात जोडले.

लेफ्टरबद्दल एक गोष्ट तिथे सगळे सांगतात. राष्ट्रीय टीमकडून त्याची पहिली मॅच १९४८ ला अथेन्समध्येच होती, ग्रीसविरुद्ध, तुर्कस्तान ३-१ जिंकलं, त्यातला एक गोल याचा. तिथल्या प्रेक्षकांनी त्याला तुर्काचं बीज म्हणून शिव्या घातल्या, आणि इस्तंबूलमध्ये काही जण रूमाचं बीज म्हणायचे. दोन्हीकडून ऐकून घेऊन हा माणूस ५० वेळा राष्ट्रीय टीमकडून उतरला, पन्नास गाठणारा पहिला तुर्की खेळाडू. मला सांगा, निष्ठा आणखी कशी दाखवायची असते? आणि गालातासरायचा मेतिन ओकताय, ज्याच्या १९५९ च्या गोलने जाळं फाटलं, तोसुद्धा पालेर्मोला एक वर्ष जाऊन आला. त्याला कोणी गद्दार म्हटलं नाही. १९६९ ला निरोपाच्या मॅचमध्ये त्याने चक्क फेनरबाह्चेची जर्सी घातली आणि तरी गालातासरायवाले आजही त्याला बिनमुकुटाचा राजा म्हणतात. जिथे दोन क्लबांचं वैर आपल्या पेठांच्या दहापट आहे, तिथे हे चालतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, एकाच क्लबमध्ये राहणं ही लेजेंडची अट नाही. पैशासाठी गेला, नोकरीसाठी गेला, बाहेरचं बघायला गेला, जाऊ दे. माणूस पोटासाठी जातो. परत आल्यावर त्याला घरात घेता की बेंचवर बसवता, यात क्लब कळतो, खेळाडू नाही. आमच्या गल्लीतल्या ज्या ज्येष्ठांनी माझ्या भावाला बसवलं त्यातले बरेच आजही निष्ठेवर भाषणं देतात, त्यांनी हे उत्तर वाचावं अशी माझी इच्छा आहे. लग्नाच्या पंगतीत मला हे सगळं नीट मांडता आलं नव्हतं, तेव्हा नुसताच आवाज वाढला.

आता काही गोष्टी राहिल्या त्या सांगतो. ४२३ गोलचा आकडा आजच्या लीग गोलच्या शेजारी ठेवू नका, त्यातली बरीच वर्षं इस्तंबूलच्या लोकल लीगची आहेत, राष्ट्रीय लीग सुरूच १९५९ ला झाली, आणि ती पहिली लीग फेनरबाह्चेने जिंकली. देशासाठीच्या गोलांत हाकान शुकुर ५१ गोल करून फार पुढे आहे. फेनरबाह्चेतच लेफ्टरच्या आधीच्या पिढीतल्या झेकी रिझाचे गोल त्याच्यापेक्षा जास्त मोजले जातात. मी राहिलो तेही फेनरबाह्चेच्या मोहल्ल्यात, त्यामुळे गालातासरायच्या माणसाने लिहिलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं. आणि जो खेळाडू गेल्यावर जुन्या क्लबला शिव्या देतो त्याच्याबद्दल मी बोलत नाहीये.

त्या सीझनला फेनरबाह्चे शेवटी सहाव्या नंबरवर आली, वाचली. अमजांनी त्या रात्री जिन्यात बसून मला बकलावा खायला घातला. कबरीचा फोटो मी त्याच रविवारी संध्याकाळी भावाला पाठवला होता, खाली सगळी गोष्ट टाईप करून, आणि शेवटी लिहिलं की तेव्हा मी तुझ्या मॅचला यायला पाहिजे होतं. त्याचा रिप्लाय तासाभराने आला. लेफ्टर कुठल्या पायाने खेळायचा, एवढंच विचारलं होतं. मग आम्ही रात्री दीडपर्यंत बोलत बसलो.