फ्लिंटलॉक म्हणजे ठासणीचं की चकमकीचं?

प्रश्न असा आलाय की एकांकडे जुन्या ब्रिटिश आरमारी पिस्तुलांचा छोटा संग्रह आहे, त्याच्या मराठी चिठ्ठ्या लिहायच्यात, तर 'फ्लिंटलॉक सी सर्व्हिस पिस्टल'ला 'ठासणीचं पिस्तूल' म्हटलं तर चालेल का? आणि घोडा म्हणजेच चाप ना?

ठासणीचं म्हटलं तर चूक नाही पण अर्धवट आहे. ठासणी म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालून गजाने ठासायची, हे झालं भरण्याबद्दल. बार पेटतो कसा ते त्यातून कळतच नाही, आणि संग्राहकाला नेमकं तेच हवं असतं. तोड्याची बंदूकही ठासणीची, कारण तोडा म्हणजे नुसती पेटती वात. नंतरची टोपीवाली, म्हणजे दिवाळीतल्या केपांसारखी स्फोटक टोपी बसवायची ती, तीही ठासणीचीच. फ्लिंटलॉक या दोघींच्या मधली, घोड्याच्या जबड्यात गार, म्हणजे ठिणगी पाडायचा कठीण दगड, धरलेली असते, ती पोलादी पट्टीवर घासून ठिणगी पडते. म्हणून चकमकीचं पिस्तूल म्हणा, सरळ आहे. कोणीतरी लॉकचं भाषांतर कुलूप करून 'चकमक कुलूप' लिहिलेलं पाहिलंय, कृपा करून तसं नको, इथे लॉक म्हणजे बार पेटवायची कळ.

आता चकमक हा शब्द आज आपण पेपरात पोलिसांच्या चकमकीसाठीच वाचतो, पण घरोघरी काडेपेटी यायच्या आधी गार, पोलाद आणि कापूस एवढा संच म्हणजे चकमक. ब्रिटिशांच्या पिस्तुलातली गार बरीचशी सफोकमधल्या ब्रँडन गावची असायची, काळी. आपली गारगोटी पांढरी, जात एकच, पण चिठ्ठीत 'गारगोटी' लिहिलंत तर वाचणाऱ्याला नदीकाठचा गोटा दिसेल, गार बरं.

घोडा आणि चाप वेगळे. घोडा चढवतात, चाप ओढतात. बोलताना आपण सर्रास 'घोडा दाबला' म्हणतो, हिंदीतही तेच चालतं, त्याला माझी हरकत नाही, पण चिठ्ठीत जबडा असलेला तो घोडा, बोटाखालचा तो चाप. त्या पोलादी पट्टीखालच्या वाटीत थोडी बारीक दारू ठेवतात ती रंजक (हो, रंजक गोष्टीतलाच उच्चार, अर्थ मात्र भलताच), आणि तिची आग ज्या भोकातून नळीत जाते तो कान. इतिहासाच्या पुस्तकात 'तोफांच्या कानात खिळे ठोकले' वाचलं असेल ना, तोच कान. रंजक पेटली आणि आतली दारू नाही पेटली की झाला फुसका बार!

सी सर्व्हिसला मी 'आरमारी' म्हणेन, नौदल आजचं वाटतं. या पिस्तुलांची ओळख म्हणजे डाव्या अंगाला लोखंडी आकडी, कमरपट्ट्यात अडकवायला, कारण शत्रूच्या जहाजावर चढताना खलाशाला हात मोकळे लागायचे. एकदा बार झाला की पुन्हा भरायला वेळ कुठला, मग उलटं धरून मुठीच्या जड पितळी टोपणाने हाणायचं. जुन्या लांब नमुन्याची नळी १२ इंची, नंतरच्या आखूड नमुन्याची ९ इंची.

कळपट्टीवर, म्हणजे कळ बसवलेल्या बाजूच्या पट्टीवर, मुकुट, जी आर (राजा जॉर्जची आद्याक्षरं) आणि टॉवर असं कोरलेलं असतं. टॉवर ही कंपनी नाही हो, लंडनचा तो किल्ला, सरकारी शस्त्रांचं कोठार तिथे होतं. बाणाची खूण म्हणजे सरकारी माल. मुकुटाऐवजी मागच्या पायांवर उभा सिंह दिसला तर ते ईस्ट इंडिया कंपनीचं, आपल्याकडच्या जुन्या घरांत निघतात त्यांत ही शक्यता आधी तपासा, आरमारी लिहायची घाई नको. नुसत्या टॉवर अक्षरांवरही भरवसा ठेवू नका, तसं कोरलेल्या नकला भारतात भरपूर बनल्यात.

अजून एक गोम. १८४० च्या आसपास ब्रिटिश सरकारी शस्त्रांत टोपी आली तेव्हा कित्येक पिस्तुलांच्या चकमकी काढून त्यांना टोपीच्या कळा बसवल्या, आणि नंतर भाव यावा म्हणून काही विक्रेत्यांनी त्यातल्या काही परत चकमकीच्या केल्या. अशा नगाला चिठ्ठीत 'मूळ चकमकीचं, टोपीचं केलेलं, पुन्हा चकमकीचं' असं पूर्ण लिहा, लांबलं तरी. बाकीच्यांना 'आरमारी चकमकीचं पिस्तूल, ब्रिटिश, नळी १२ इंच, पट्ट्याच्या आकडीसह' एवढं पुरे.