वाचक विचारतात : बोली किती, कशी?

प्रश्न : माझी कथा अकोल्याजवळच्या खेड्यात घडते. संवाद वऱ्हाडीत लिहिले, तर मित्र म्हणतात ‘कळत नाही’. सोपे केले, तर गावच हरवतं. काय करावं?

उत्तर : आधी एक तपासा, तुमची वऱ्हाडी खरंच वऱ्हाडी आहे का? पहिल्या खर्ड्यात हमखास ‘काहून’च्या शेजारी ‘व्हय’, ‘न्हाई’ येऊन बसतात. ते पश्चिम महाराष्ट्राचे पाहुणे. सिनेमातल्या सरसकट ‘गावरान’ भाषेतून आलेले. असं पात्र कुठल्याच गावचं राहत नाही.

बोली शब्दांपेक्षा क्रियापदांत जास्त असते. ‘तू काय करतोस?’चं ‘तू काय करून राहिला?’ केलंत की निम्मं काम झालं, आणि अर्थही अडत नाही. ‘माह्या’सारखी सर्वनामं ठेवा. उच्चार दाखवायला प्रत्येक शब्दाचं लेखन मोडू नका. वाचक तिथेच थकतो. कंसात अर्थ तर नकोच. अनोळखी शब्द कृतीतून उलगडू द्या.

निवेदन प्रमाण आणि संवाद बोलीत, ही वाट उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीत दिसते. मात्र निवेदक स्वतः त्याच गावचा, ‘मी’ म्हणून बोलणारा असेल, तर त्याचं प्रमाण मराठी खटकेल.

कोण कुणाशी कुठली भाषा बोलतो, हेही ठरवा. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटाचं नावच कैकाडी भाषेतलं : अर्थ डुक्कर. घरातली भाषा आणि गावाशी बोलायची भाषा वेगळी, एवढ्यावरूनच त्यातलं कुटुंब गावात कुठे उभं आहे ते कळतं.