ताबा, मुहूर्त आणि सामानाचा ट्रक

नव्या घरात राहायला जाण्याच्या तयारीविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन या अंकासाठी निवडली आहेत.

प्रश्न : आम्ही पुण्यात नव्या इमारतीत सदनिका घेतली आहे. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) अद्याप आलेले नाही, तरीही ‘फर्निचरसाठी ताबा’ म्हणून किल्ली घ्यावी, असा बिल्डरचा आग्रह आहे. घरभाडे आणि कर्जाचा हप्ता दोन्ही चालू असल्याने आम्हालाही घाई आहे, आणि अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत व्हावी, असे सासूबाईंच्या मनात आहे. काय करावे?
— एक वाचक भगिनी, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : भाडे आणि हप्ता एकाच महिन्यात भरणाऱ्यांची घाई मी समजू शकते, परंतु ‘फर्निचरसाठी ताबा’ हा शब्दप्रयोग बिल्डरांच्या सोयीचा आहे, कायद्यातला नव्हे. ज्याला आपण रेरा म्हणतो त्या 2016च्या स्थावर मालमत्ता कायद्यात ग्राहकाने ताबा घेण्यासाठी जी दोन महिन्यांची मुदत दिली आहे, ती भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून मोजली जाते. म्हणजे त्याआधी किल्ली घेण्यास आपण नकार दिला, तर आपल्याकडून कोणतीही मुदत चुकत नाही. उलट किल्ली घेतली की त्याच दिवसापासून देखभाल खर्चाची मागणी सुरू होते, उरलेली कामे रेंगाळतात, आणि अशा इमारतींत पाण्यासाठी पुष्कळदा टँकरवर अवलंबून राहावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत हा खर्च किती होतो, ते शेजारच्या सोसायटीत विचारून पाहावे.

सासूबाईंचा मुहूर्त मात्र चुकवू नये. पूजेसाठी एका दिवसापुरती किल्ली हवी आहे, असे पत्र देऊन ती मागावी, कलश ठेवावा, दूध उतू घालवावे, आणि संध्याकाळी किल्ली परत करून त्याची पोच घ्यावी. ताबापावतीवर, विशेषतः ‘सदनिका पाहिली, सर्व बाबतीत समाधान आहे’ अशा छापील मजकुराखाली, त्या दिवशी सही करू नये. होम करणार असाल, तर कुंडाखाली विटांचा थर आणि त्यावर वाळू अवश्य पसरावी, कारण गुळगुळीत फरशी उष्णतेने तडकते आणि तो तडा नंतर बिल्डर आपल्याच माथी मारतो.

प्रत्यक्ष ताबा घेण्याच्या दिवशी भर उजेडात जावे आणि सोबत बादली, मोजपट्टी, मोबाइलचा चार्जर आणि एक नाणे ठेवावे. न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडेच वाहते की दाराकडे येते, हे पाहावे. जमल्यास जाळी बंद करून 24 तास पाणी साठवावे आणि खालच्या घराचे छत पाहून यावे. फरशीवर नाण्याने टकटक केल्यास जिथे पोकळ आवाज येतो, तिथे खाली सिमेंट बसलेले नसते. चार्जर लावून प्रत्येक प्लग तपासावा, आणि वीजपेटीतील गळतीरोधक स्विचवरचे चाचणीचे बटण दाबून पाहावे. वीज चालू असताना ते दाबल्यावर स्विच ताबडतोब खाली पडला पाहिजे. आणखी एक गोष्ट सहसा कुणी करत नाही : घरातला मुख्य स्विच बंद करून एकाने खाली मीटरच्या खोलीत जावे आणि आपल्याच क्रमांकाच्या मीटरचा लुकलुकणारा दिवा थांबला का, हे पाहावे. मीटरच्या तारांची अदलाबदल झाल्यामुळे शेजाऱ्याचे बिल महिनोन्‌महिने भरणारी कुटुंबे मी पाहिली आहेत.

आढळलेल्या त्रुटींची यादी दोन प्रतींत करून एकीवर बिल्डरच्या कार्यालयाचा शिक्का घ्यावा. खिडक्यांतून झिरपणारे पाणी वैशाखात दिसणार नाही, ते आषाढातच कळेल. परंतु ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील वा कारागिरीतील दोष निदर्शनास आणून दिल्यास तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी त्याच कायद्याने बिल्डरवर टाकली आहे. तक्रार लेखी असावी, फोनवर नको.

प्रश्न : ठाण्याहून नाशिकला स्वतःच्या घरात जात आहोत. फ्रिज, धुलाई यंत्र आणि गॅस यांचे काय करावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : फ्रिज आदल्या रात्री बंद करून रिकामा करावा आणि उभाच न्यावा, नाइलाजाने आडवा ठेवावा लागलाच, तर नव्या घरी काही तास उभा ठेवल्यावरच चालू करावा. समोरून उघडणारे धुलाई यंत्र असेल, तर ते नवे आले तेव्हा मागे लावलेले लांब बोल्ट शोधून पुन्हा बसवावेत, कारण त्यांच्यावाचून प्रवासात ड्रम हिंदकळतो. हे बोल्ट बहुतेकांनी फेकून दिलेले असतात. तसे असल्यास कंपनीच्या सेवा केंद्राकडून मागवता येतात का, ते निघण्यापूर्वी विचारावे.

भरलेले सिलिंडर ट्रकमध्ये कदापि चढवू नये. शहर बदलत असल्याने सिलिंडर आणि रेग्युलेटर सध्याच्या एजन्सीकडे जमा करून अनामत रक्कम व जोडणी बंद केल्याचा कागद घ्यावा. तो दाखवून नाशिकच्या एजन्सीत प्रचलित दराने अनामत भरली, की जोडणी मिळते. शेगडी तेवढी आपली आपण न्यावी, आणि मधल्या दिवसांसाठी इंडक्शन जवळ ठेवावे.

सामान हलवणाऱ्यांशी ठरवताना मजला, लिफ्टमध्ये कपाट मावते की नाही, आणि टोल कोणी भरायचा, हे कागदावर लिहून घ्यावे. माझ्या स्वतःच्या स्थलांतरात सामान अर्धे उतरल्यावर ‘मजल्याचे पैसे वेगळे’ असे सांगण्यात आले होते, आणि उरलेले अर्धे सामान ट्रकमध्येच असताना वाद घालण्याचे धैर्य कोणाला असते? नव्या सोसायटीत सामान चढवण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, त्याही आधीच विचाराव्यात. खोक्यांवरची नावे वरच्या बाजूला न लिहिता कडेला लिहावीत, म्हणजे एकावर एक रचल्यावरही ती वाचता येतात. खरेदीखत, दागिने आणि रोजची औषधे ट्रकमध्ये न देता स्वतःच्या पिशवीत ठेवावीत. चहा-साखर, पातेले, गाळणे, केरसुणी, टेस्टर आणि दोन बल्ब यांचे खोके सर्वांत शेवटी चढवावे, म्हणजे ते सर्वांत आधी उतरेल.

प्रश्न : पत्ता कुठे कुठे बदलावा?
— एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड

उत्तर : वीजबिलापासून सुरुवात करावी, कारण पुढे पुष्कळ ठिकाणी पत्त्याचा पुरावा म्हणून तेच चालते, मीटर बिल्डरच्या नावावर असल्यास इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या खरेदीखताचा अधिकृत उतारा) जोडून महावितरणकडे नावबदलाचा अर्ज करावा. त्यानंतर आधार आणि बँक. मतदारयादीतील पत्ता बदलण्यासाठी नमुना 8 भरावा लागतो. आपण पुणे महापालिकेच्या हद्दीत स्वतःच्या घरात राहणार असल्याने मिळकतकरातील 40 टक्के सवलतीसाठी पीटी-3 अर्ज विसरू नये. सवलत आपोआप मिळेल, या समजुतीत राहिलेल्यांना पूर्ण कराचे बिल येते.