कॉम्बो घ्यावा की मोडेम-राउटर वेगळे? आधी वायर लावून बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मोडेम आणि राउटर एकाच डब्यात असलेला कॉम्बो तुमच्याकडे पाच वर्षांपासून आहे. प्लॅन ३०० एमबीपीएसचा. हॉलमध्ये नेट बरं चालतं, पण आतल्या खोलीत व्हिडिओ कॉल सारखा अडकतो. तर नवा कॉम्बो घ्यावा की दोन वेगळी यंत्रं?

अजून काहीच घेऊ नका. आधी लॅपटॉप वायरनं कॉम्बोच्या लॅन पोर्टला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा, घरातले बाकीचे फोन आणि टीव्ही नेटवरून उतरवा आणि स्पीड टेस्ट घ्या. सकाळी एकदा, दुपारी एकदा, रात्री सगळे नेटवर असतात त्या वेळी एकदा. तिन्ही वेळा २८०च्या आसपास आकडा आला, तर लाइन आणि मोडेम ठणठणीत आहेत आणि दुखणं फक्त वायफायचं आहे. वायरवरच आकडा पडत असेल तर कितीही भारी राउटर आणला तरी फरक पडणार नाही, कारण पाणी टाकीतच कमी येतंय. फक्त रात्रीच पडत असेल तर बहुधा कंपनीकडे त्या वेळी गर्दी होते, तक्रार तिकडे करायची.

या तपासणीत ९४ किंवा ९५ हा आकडा आला तर तिथेच थांबा. तो लाइनचा वेग नसतो. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून प्रत्यक्षात जेवढं निघू शकतं तेवढंच ते असतं. एक तर पोर्ट गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा नाही, नाहीतर वायर खराब आहे. मला हे शिकायला तीन आठवडे लागले. लाइन मोठ्या प्लॅनवर नेली तरी आकडा ९४च्या पुढे सरकेना. कंपनीला रोज फोन, त्यांचा माणूस येऊन लाइन तपासून जायचा आणि ‘सगळं बरोबर आहे’ म्हणायचा. शेवटी मी वायरचं टोक उजेडात धरून पाहिलं. आत आठ बारीक तारा असतात, त्यातली तपकिरी तार पिनेपर्यंत पोहोचलीच नव्हती. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला चार पुरतात. त्यामुळे दोन्ही यंत्रं आपसात ठरवून गुपचूप खालच्या वेगावर उतरली होती. वायर बदलली आणि त्याच मिनिटाला पूर्ण वेग आला. तेव्हापासून कोणी नेट हळू आहे म्हणालं की मी आधी वायर बघतो.

आता यंत्रांबद्दल. मोडेमचं काम बाहेरच्या लाइनवरचा सिग्नल घरातल्या नेटवर्कला कळेल असा करणं. राउटरचं काम ते एक कनेक्शन घरातल्या सगळ्या उपकरणांत वाटणं, कोणता डेटा कोणाचा हे लक्षात ठेवणं आणि बाहेरच्यांना दार बंद ठेवणं. वायफाय हे खरं तर तिसरं काम. कॉम्बोत ही तिन्ही एका डब्यात असतात, आणि त्यांची वयं वेगवेगळी असतात हीच अडचण आहे. लाइनचा प्रकार तोच राहिला तर मोडेम वर्षानुवर्षं चालतो. वायफाय मात्र भराभर बदलतं: वायफाय ५चं प्रमाणीकरण २०१३मध्ये सुरू झालं, वायफाय ६चं २०१९मध्ये, वायफाय ७चं २०२४मध्ये. कॉम्बोत एक भाग जुना झाला की चांगला चाललेला दुसराही टाकावा लागतो.

तरीही कॉम्बो वाईट असं मी म्हणणार नाही. लहान घर, दहा-बारा उपकरणं, सेटिंगमध्ये डोकं घालायची हौस नाही, अशा माणसाला एक डबा, एक अडॅप्टर आणि तक्रारीला एकच जागा हे सोयीचंच आहे. घर मोठं असेल, भिंती जाड असतील, घरून काम चालत असेल किंवा दर काही वर्षांनी वायफाय सुधारायचं असेल, तर वेगळं घेतलेलं बरं.

स्वतःचा मोडेम किंवा कॉम्बो घ्यायच्या आधी घरात कोणती लाइन येते ते पाहा, इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. फायबर असेल तर भिंतीवरच्या डब्याला ओएनटी म्हणतात. तो कंपनीच्या यंत्रणेत नोंदवलेला असतो, त्यामुळे बाजारातून दुसरा आणून लावला म्हणून सहसा चालत नाही. टीव्हीसारखी जाड गोल केबल येत असेल तर डॉक्सिस मोडेम लागतो, ३.० किंवा ३.१, आणि तोही कंपनीनं मान्य केलेल्या मॉडेलांपैकीच हवा. टेलिफोनच्या तारेवर नेट असेल तर एडीएसएल की व्हीडीएसएल हे विचारून घ्या, फक्त एडीएसएलचा मोडेम व्हीडीएसएलच्या लाइनवर चालणार नाही. आणि घरातला लँडलाइन फोन कॉम्बोच्या मागे लावलेला असेल तर डबा बदलल्यावर तो बंद पडू शकतो. हे आधी विचारत नाही कोणी, नंतर घरातली वडीलधारी माणसं विचारतात की फोन का लागत नाही.

वायरवर आकडा चांगला आला तर तुमच्या बाबतीत मी जुना कॉम्बो टाकून देणार नाही. दोन वाटा आहेत. एक, कॉम्बोला ब्रिज मोडवर टाकायचं, म्हणजे तो फक्त मोडेम उरतो, आणि मागे स्वतःचा राउटर लावायचा. ब्रिज मोड न करता नुसता राउटर जोडला तर डबल नॅट होतं, म्हणजे कनेक्शन वाटायचं काम दोन डबे एकामागून एक करतात: ब्राउझिंग चालतं, पण ऑनलाइन गेम, घरचा कॅमेरा बाहेरून पाहणं असल्या गोष्टी अडतात आणि कारण सापडत नाही. काही कंपन्यांच्या कॉम्बोत ब्रिज मोडचं बटण लपवलेलं असतं, ते त्यांच्याकडूनच करून घ्यावं लागतं. लाइनला युजरनेम-पासवर्ड लागत असेल तर तोही आधी मागून घ्या, कारण ब्रिज केल्यावर तो नव्या राउटरमध्ये भरायचा असतो.

दुसरी वाट मला तुमच्यासाठी जास्त आवडते. कॉम्बो आहे तसा ठेवा, आतल्या खोलीपर्यंत एक लॅन वायर न्या आणि तिथे दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर लावा, म्हणजे तो फक्त वायफाय देतो, वाटपाचं काम कॉम्बोच करतो. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच, चॅनल, म्हणजे सिग्नलची लेन, वेगळे. फोन चालता चालता स्वतःच जवळचा सिग्नल धरतो. वायर नेणं शक्यच नसेल तर मेश, म्हणजे घरभर ठेवलेले, आपसात बिनतारी बोलून एकच वायफाय देणारे डबे. भिंतीच्या प्लगमध्ये लावायचा स्वस्त रिपीटर मी शेवटी सुचवतो, कारण तो त्याच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, त्यात वेग जवळपास अर्धा होतो.

पण हे सगळं करण्याआधी डबा हलवून पाहा. बहुतेक घरांत तो टीव्हीच्या मागे, कपाटात किंवा जमिनीवर कोपऱ्यात असतो. वायफाय साधारणपणे दोन बँडवर, म्हणजे लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतं. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान, पण भिंतीला लवकर हार मानतो. २.४ लांब जातो, पण तिथे शेजाऱ्यांची गर्दी असते. आरशामागे धातूचा थर असतो, तो सिग्नल परतवतो. माशांची टाकी तो पिऊन टाकते. डबा घराच्या मध्याजवळ, छातीच्या उंचीला, उघड्यावर ठेवा. अँटेना उभा ठेवला तर सिग्नल त्याच्या भोवती आडवा पसरतो, टोकातून फारसा निघत नाही. म्हणून तो आतल्या खोलीकडे बंदुकीसारखा रोखून धरला तर तिथे उलट कमीच पोहोचतो. वरच्या मजल्यावर हवं असेल तर एखादा अँटेना आडवा करा.

मोबाइलवर वायफाय मोजणारं कोणतंही अॅप घेऊन आतल्या खोलीत उभे राहा. ते सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दाखवतं, आकडा शून्याच्या जितका जवळ तितकं चांगलं: उणे ५० डीबीएम म्हणजे उत्तम, उणे ६७पर्यंत व्हिडिओ कॉल निर्धास्त, उणे ७५च्या खाली गेलं की अडकणारच. डबा दोन मीटर सरकवून पुन्हा मोजा. २.४वर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक ठेवा, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत, आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ.

नवा राउटर घ्यायचाच झाला तर खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. एएक्स३००० म्हणजे २.४वरचे ५७४ एमबीपीएस आणि ५वरचे २४०२, दोन्हींची बेरीज करून गोल केलेला आकडा. एक फोन एका वेळी साधारणपणे एकाच बँडवर असतो. शिवाय ते २४०२ मिळायला १६० मेगाहर्ट्झची रुंदी लागते, ८०वर तेच १२०१ होतात, आणि हवेत प्रत्यक्ष त्याच्या साधारण दोन तृतीयांश हाती येतं. ३०० एमबीपीएसच्या प्लॅनला साधा वायफाय ६चा दोन बँडचा राउटर भरपूर झाला. सगळे पोर्ट गिगाबिटचे आहेत आणि कंपनी फर्मवेअरचे, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचे, अपडेट नियमित देते, एवढं नक्की बघा. दुसऱ्या गोष्टीवर माझा जास्त भर आहे. तुमच्या पाच वर्षांच्या कॉम्बोला शेवटचं अपडेट कधी आलं ते आजच पाहा. ते थांबलेलं असेल, तर सुरक्षेतली भोकं बुजत नाहीत, आणि वेग चांगला असूनही त्याला राउटरच्या कामावरून उतरवायला हे कारण पुरेसं आहे. मग वर सांगितलेली ब्रिज मोडची वाट धरा.

लावल्यावर पहिल्या दिवशी राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा, लोक दोन्हींत गल्लत करतात. २०१६मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कंपनीनं दिलेले मूळ पासवर्ड वापरूनच. सुरक्षेत डब्ल्यूपीए३ निवडा, एखादं जुनं उपकरण जोडलं जात नसेल तर डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र. पासवर्ड न टाकता उपकरण जोडायचं डब्ल्यूपीएसचं बटण बंद, बाहेरून सेटिंग बघण्याची सोय बंद. पाहुण्यांना आणि स्मार्ट बल्बसारख्या वस्तूंना गेस्ट नेटवर्क द्या. असे बल्ब बहुतेक २.४वरच चालतात. जोडले जात नसतील तर दोन्ही बँडना थोडा वेळ वेगळी नावं द्या.

आणि कॉम्बो अधूनमधून आपोआप बंद होऊन चालू होत असेल तर आधी अडॅप्टर बदला, तेवढ्याच व्होल्टचा आणि निदान तेवढ्याच अँपिअरचा. जुना अडॅप्टर थकतो आणि माणूस लाइनला दोष देत बसतो.

वायरवरचे तीन वेळचे आकडे, आतल्या खोलीतला डीबीएम आणि कॉम्बोचं मॉडेल इथे लिहा. मग ब्रिज मोड करायचा की अॅक्सेस पॉइंट ते नक्की सांगतो.